मी अडखळतो, जरा थांबा

तोतरं बोलणाऱ्याला सगळ्यात जड जाणारा शब्द कोणता, असं विचारलं तर बरेच जण एकच उत्तर देतात: स्वतःचं नाव. बाकी कुठलाही शब्द अडला तर त्याच्या जागी दुसरा घालता येतो. ‘परवडत नाही’ अडलं तर ‘महाग आहे’ म्हणावं, ‘बाबा’ अडलं तर ‘वडील’ म्हणावं. नावाला पर्याय नसतो. ‘आपलं नाव?’ या प्रश्नावर प्रदीपला प्रदीपच म्हणावं लागतं, आणि तेही ताबडतोब, कारण स्वतःचं नाव आठवायला कुणाला वेळ लागत नाही अशी जगाची समजूत. दोन-तीन सेकंद तसेच गेले की समोरचा हसून म्हणतो, “काय हो, नाव विसरलात की काय?” हा विनोद करणाऱ्या प्रत्येकाला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटतं.

हाच प्रदीप गणपतीत आरती म्हणताना एकदाही अडत नाही. शाळेत प्रतिज्ञा म्हणताना अडला नाही, पसायदान म्हणताना अडला नाही. आणि पाचच मिनिटांनी हजेरीत ‘हजर’ म्हणताना त्याचा घसा मिटला. अनेकांबरोबर एका सुरात म्हणताना, गाताना, एकट्याने किंवा घरच्या कुत्र्याशी बोलताना तोतरेपणा बहुधा दिसेनासा होतो, हे या विषयातलं फार जुनं निरीक्षण आहे. त्यातून पालक-शिक्षक नेमका उलटा अर्थ काढतात. मनात आणलं तर पोरगं नीट बोलतं, म्हणजे एरवी लक्ष देत नाही, किंवा मुद्दाम करतं. खरं तर एका सुरात म्हणताना ताल बाहेरून मिळतो. शब्द कधी सुरू करायचा हे मेंदूला स्वतः ठरवावं लागत नाही. अडचण असते ती नेमकी त्या ठरवण्यात.

म्हणजे तोतऱ्या माणसाला शब्द माहीत असतो. तो कसा उच्चारायचा हेही माहीत असतं. शब्दाच्या तोंडाशी यंत्रणा अडते. कधी पहिलं अक्षर पुन्हापुन्हा येतं, कधी आवाज लांबत जातो, आणि कधी काहीच येत नाही. स्वरतंतू मिटतात किंवा ओठ घट्ट बसतात आणि हवा पुढे सरकत नाही. या तिसऱ्या प्रकाराला मंडळी ‘ब्लॉक’ म्हणतात. ऐकणाऱ्याला पहिले दोन प्रकार ओळखीचे असतात, कारण सिनेमा-नाटकांत विनोदासाठी तेच वापरले जातात. ब्लॉक मात्र ओळखू येत नाही. समोरच्याला दिसते फक्त शांतता, फार तर मिचकावलेले डोळे किंवा मांडीवर आपटलेली मूठ.

सुरुवात बहुधा दोन ते पाच या वयात होते. शंभरातली पाचेक मुलं केव्हा ना केव्हा या टप्प्यातून जातात आणि त्यांतली बहुतेक पुढे आपोआप मोकळी बोलू लागतात. मोठेपणी शेकडा सुमारे एकाचा तोतरेपणा टिकतो, आणि त्यांत बायकांपेक्षा पुरुष चौपट. या हिशेबाने एकट्या महाराष्ट्रात ही संख्या दहा लाखांच्या घरात जाते. मेंदूच्या चित्रणात बोलण्याची आखणी आणि प्रत्यक्ष हालचाल यांना जोडणाऱ्या डाव्या बाजूच्या तंतूंमध्ये फरक आढळतात. घराण्यात तोतरेपणा चालत येतो हे लोकांना पूर्वीपासून ठाऊक होतं. २०१० साली अमेरिकी संशोधकांनी पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास करून त्याच्याशी संबंधित तीन जनुकंही दाखवली, जरी ती थोड्याच लोकांच्या बाबतीत लागू पडतात. भीतीमुळे तोतरेपणा जडत नाही. भीतीने तो वाढतो, ही गोष्ट वेगळी. कुणाची नक्कल केल्यानेही तो लागत नाही; आपल्या आज्या नकला करणाऱ्या पोरांना तशी तंबी देत, त्यामागचा हेतू चांगला असेल एवढंच.

उपायांचा इतिहास वाचवत नाही. आपल्याकडे मधात उगाळलेलं वेखंड जिभेला लावत, आणि ते त्यातल्या त्यात सौम्य. १८४१ साली बर्लिनच्या डीफेनबाख या नामांकित शल्यविशारदाने तोतऱ्यांच्या जिभेच्या मुळाशी काप घेतले, तेही भूल देण्याची सोय येण्यापूर्वी. जिभेचा काही दोष नव्हताच. आजही मोठेपणी टिकलेला तोतरेपणा समूळ घालवील असं औषध नाही. चांगल्या स्पीच थेरपीने ताण कमी होतो, ब्लॉकमधून सुटता येतं, बोलणं पुष्कळ सुकर होतं. तरीही बहुतेकांच्या बोलण्यात काही ना काही उरतं. ‘तोतरेपणावर मात’ अशा मथळ्याच्या लेखांविषयी मला संशय आहे तो यामुळेच. तोंडात खडे धरून सराव करणाऱ्या डेमोस्थेनिसपासून ही परंपरा चालत आली आहे, आणि ती वाचून मात न करता आलेल्या माणसाला दुप्पट अपराधी वाटतं.

जे उरतं त्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न. लपवायचं की सांगून टाकायचं?

लपवणं हे सोपं काम नाही. ती एक मोठी कारागिरी आहे आणि तिचं कौतुक करायला हरकत नाही. मुरलेला तोतरा माणूस बोलता बोलता पुढची पाच-सहा शब्दांची वाट पाहून ठेवतो, कुठल्या शब्दाशी अडणार हे त्याला आधीच कळतं आणि तो वाक्य तिथून वळवतो. ‘म्हणजे’, ‘काय झालं की’, ‘तर’ यांचे टेकू लावतो. खोकतो, विचार करत असल्याचं दाखवतो, शब्द आठवत नसल्याचं नाटक करतो म्हणजे समोरचाच तो पुरवतो. हॉटेलात बटाटेवडा खायचा असतो पण ‘ब’ अवघड जाणार हे दिसताच मिसळ मागवतो. पनवेलहून पेणला जायला एस.टी.त बसतो. कंडक्टर समोर उभा, मशीन हातात, आणि ‘प’साठी मिटलेले ओठ उघडत नाहीत. मागून कुणीतरी “अहो, बोला की” म्हणतं. शेवटी ‘वडखळ’ बाहेर पडतं, कारण ‘व’ सोपा. वडखळ पेणच्या पुढे. जादा पैसे देऊन पुढचं तिकीट काढायचं आणि पेणला उतरायचं. कंडक्टरला वाटतं, गडी विसराळू दिसतो. हा समज गड्याला चालतो. विसराळू, घुमा, शिष्ट, काहीही चालेल, फक्त तोतरा नको.

या कारागिरीत काही जण इतके निष्णात होतात की बायको-नवऱ्यालाही वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. बाहेरून ऐकलं तर बोलणं साफ. आतून प्रत्येक वाक्य म्हणजे अडथळ्यांची शर्यत. अशा माणसाला जर कुणी सांगितलं, ‘अहो, तुमचा तोतरेपणा अगदी किरकोळ आहे’, तर ते सांत्वन ठरत नाही. त्याने कोणती नोकरी घेतली, कोणत्या वर्गात प्रश्न विचारला नाही, कोणत्या मुलीशी बोललाच नाही, बढती नाकारताना कोणतं भलतंच कारण दिलं, हे सगळं त्या किरकोळ तोतरेपणाने ठरवलेलं असतं. सॉमरसेट मॉम आयुष्यभर अडखळत बोलला. १९१५ साली त्याने स्वतःच्या आयुष्यावर बेतलेली मोठी कादंबरी लिहिली, आणि तिच्या नायकाला त्याने तोतरेपणा न देता वाकडं पाऊल दिलं. इतकं सगळं उघडं केलं, पण ते नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान स्वतः तोतरे होते. त्यांनी १९७०च्या सुमारास हिमनगाचं चित्र मांडलं, आणि ते अजून या क्षेत्रात सगळीकडे वापरतात. पाण्यावर दिसतो तो भाग म्हणजे ऐकू येणारं अडखळणं. पाण्याखाली असतात शरम, भीती, अपराधीपणा, टाळाटाळ. शीहान यांचं म्हणणं असं की माणूस एकाच वेळी बोलायलाही धावतो आणि बोलण्यापासून पळतही असतो, आणि ब्लॉक म्हणजे या दोन ओढींमधली कोंडी. मेंदूच्या चित्रणानंतर हा सिद्धांत कारण म्हणून कुणी स्वीकारत नाही, पण तोतऱ्या माणसाच्या दिवसाचं वर्णन म्हणून त्याच्याइतकं नेमकं दुसरं मिळायचं नाही. पाण्याखालचा भाग लपवण्याने वाढतो. प्रत्येक टाळलेला शब्द पुढच्या वेळी अधिक भीतिदायक होऊन समोर येतो, कारण तो उच्चारला असता तर काय झालं असतं हे कळायची संधीच गेलेली असते.

चार्ल्स व्हॅन रायपर यांनी स्वतःबद्दल सांगितलेली एक हकीकत इथे द्यायला हवी. पुढे ते अमेरिकेतल्या स्पीच थेरपीचे अध्वर्यू झाले. १९३६ साली मिशिगन राज्यात कॅलमझू इथे त्यांनी उपचारकेंद्र सुरू केलं. पण तरुणपणी त्यांचा तोतरेपणा इतका तीव्र होता की चेहरा वेडावाकडा व्हायचा, मान झटके खायची. शिक्षण झालेलं, पण काम कोण देणार? विस्कॉन्सिनमधल्या एका शेतावर त्यांनी चक्क मुका-बहिरा असल्याचं सोंग घेऊन मजुरी पत्करली. बोलायचंच नाही म्हटल्यावर अडखळण्याचा प्रश्नच मिटला. लपवण्याच्या कलेतली ही सर्वोच्च पायरी म्हणायची. काही दिवसांनी ते असह्य होऊन ते निघाले आणि रस्त्याच्या कडेला कुणाच्या तरी गाडीत जागा मिळते का बघत बसले. एका म्हाताऱ्याने जुनी फोर्ड थांबवली, आत घेतलं आणि नाव-गाव विचारलं. व्हॅन रायपर यांची नेहमीची झटापट सुरू झाली. म्हातारा हसायला लागला. यांना संताप आला. तेव्हा तो म्हणाला की आपणही तोतरेच, तरुणपणी असेच झगडायचो; आता म्हातारपणी स्वतःशी लढायचा कंटाळा आला, म्हणून शब्द आपले हळूहळू गळू देतो. आणि खरंच, तो बोलत होता ते अडखळतच, पण सहज, झटके न देता.

व्हॅन रायपर यांच्या डोक्यात तिथे लखकन प्रकाश पडला. आपण आजवर न अडखळता बोलायला शिकत होतो. त्याऐवजी अडखळायलाच नीट शिकलं तर? त्यांच्या उपचारपद्धतीतला एक भाग तेव्हा आणि आजही नवख्याला चक्रावून टाकतो: मुद्दाम अडखळणं. ज्या शब्दाला काही अडचण नाही त्याच शब्दावर, दुकानदारासमोर, रिक्षावाल्यासमोर, स्वतःहून, हसतमुखाने अडखळायचं. वरवर हा वेडेपणा. पण ज्या गोष्टीची आयुष्यभर धास्ती घेतली ती स्वतः होऊन केली की तिची सूत्रं आपल्या हाती येतात. शिवाय सगळ्यांना कळून चुकतं. लपवायला काही शिल्लकच राहत नाही.

सांगून टाकण्याचा फायदा नेमका कसा होतो ते पाहू. ‘मन मोकळं होतं’ एवढं म्हणून भागणार नाही. लपवणारा माणूस एका वेळी दोन कामं करतो: बोलतो आणि बोलणं झाकतो. दुसरं काम पहिल्याच्या जिवावर उठलेलं असतं. सांगितलं की ते सुटतं, आणि जे अवधान पुढच्या शब्दांवर पहारा देण्यात जात होतं ते बोलण्याच्या विषयाकडे वळतं. काहींचं अडखळणं यामुळे कमीही होतं, पण तो हेतू धरून सांगायला जावं तर फसगत होते. मग सांगणं ही लपवण्याचीच नवी युक्ती होऊन बसते.

दुसरा बदल ऐकणाऱ्यात होतो. ब्लॉकच्या शांततेला त्याच्याजवळ स्पष्टीकरण नसतं, म्हणून तो आपल्या पदरचं भरतो. मुलाखत घेणाऱ्याला वाटतं तयारी नाही. नाकाबंदीवरच्या हवालदाराला वाटतं, त-त-प-प करतोय, म्हणजे नक्कीच काहीतरी भानगड. फोनवरच्याला वाटतं लाइन तुटली. आणि ज्याला काहीतरी वेगळं आहे एवढं जाणवतं त्याला कुठे बघावं कळत नाही. नजर टाळावी की हसावं की शब्द पुरवावा, या गोंधळात तोही बोलण्याकडे लक्ष देत नाही. एका वाक्याने हा सगळा अंदाजपंचे कारभार थांबतो.

मात्र ते वाक्य कसं असावं यालाही महत्त्व आहे. टेक्सास विद्यापीठातल्या कोर्टनी बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्रोत्यांना तोतऱ्या वक्त्यांच्या चित्रफिती दाखवल्या. काही वक्ते सुरुवातीला साध्या शब्दांत माहिती देत, काही माफी मागत, काही काहीच सांगत नसत. माहिती देणारा माणूस श्रोत्यांना अधिक मनमोकळा आणि आत्मविश्वासाचा वाटला. माफी मागणाऱ्याला तो फायदा मिळाला नाही. हे वाचून आपल्याकडच्या बोलण्याची आठवण होते, कारण आपलं अर्धं सौजन्य क्षमायाचनेतच असतं. ‘माफ करा हं, माझ्या बोलण्याचा जरा प्रॉब्लेम आहे, तुम्हाला त्रास होईल’ हे मराठी माणसाच्या तोंडी अगदी सहज येतं. त्यातून समोरच्याला काय समजतं? की यात काहीतरी खजील होण्यासारखं आहे, आणि आता मला समजूत घालावी लागणार. उलट ‘मी अडखळत बोलतो. मधेच थांबलो तर शब्द येतोय असं समजा, मला वाक्य पुरं करू द्या’ यात माहिती आहे आणि काय करायचं याची सूचना आहे. उंची पाच फूट पाच इंच म्हणून सांगावी त्या सुरात ते सांगता आलं पाहिजे. आरशासमोर, मग घरच्यांसमोर, मग ज्याच्याशी पुन्हा गाठ पडणार नाही अशा दुकानदारासमोर, असा त्याचा सराव करावा लागतो, कारण गंमत अशी की ‘मी अडखळतो’ हे सांगतानाही माणूस अडखळतोच. त्याला हरकत नाही. पुरावा लगोलग सादर होतो.

सार्वजनिक जीवनातली दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. ब्रिटनच्या मजूर पक्षाचे एड बॉल्स डिसेंबर २०१२मध्ये छाया अर्थमंत्री म्हणून सरकारच्या आर्थिक निवेदनाला उत्तर द्यायला उभे राहिले आणि सुरुवातीलाच अडखळले. समोरच्या बाकांवरून हुर्यो उडाली. त्यांची भंबेरी उडाली असाच अर्थ लावला गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की आपल्याला तोतरेपणा आहे आणि भाषणाच्या पहिल्या काही मिनिटांत तो कधी कधी वरचढ होतो. ते याबद्दल आधीपासून उघडपणे बोलत होते, म्हणून ते वाक्य सबब वाटलं नाही. जो बायडन यांनीही लहानपणच्या तोतरेपणाबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं, तोतऱ्या मुलांना धीर दिला. पण ते सांगत ते भूतकाळात: होता, गेला. स्वतः तोतरे असलेले पत्रकार जॉन हेंड्रिक्सन यांनी २०१९च्या अखेरीस ‘द अटलांटिक’साठी त्यांच्यावर लेख लिहिला तेव्हा त्यांनी नेमकं याच जागेवर बोट ठेवलं. बायडन आजही शब्द बदलतात, वाक्य अर्ध्यावर सोडून दुसरं धरतात, हे तोतऱ्या कानाला स्पष्ट ऐकू येतं; आणि ज्यांना ते ठाऊक नाही ते या तुटक वाक्यांचा दोष म्हातारपणावर टाकतात. बायडन यांच्या वयाबद्दलचे सगळे आक्षेप यामुळे खोटे ठरतात असं मला म्हणायचं नाही. पण ‘होता’ आणि ‘आहे’ यांतलं अंतर कापायला देशाच्या सर्वोच्च पदाच्या उंबऱ्यावरही जड जातं, हे त्यातून दिसतं. आपल्याकडे हृतिक रोशनने लहानपणच्या तोतरेपणाबद्दल आणि त्यासाठी कराव्या लागणाऱ्या सरावाबद्दल वारंवार सांगितलं आहे. नट आपल्या बोलण्याबद्दल असं बोलतो याचा शाळकरी पोरांवर काय परिणाम होतो, ते कुठल्याही स्पीच थेरपिस्टला विचारून पाहावं.

आता ज्या जागी हे सगळं खरोखर कसाला लागतं तिकडे येऊ: लग्न. ‘मुलगा जरा अबोल आहे हो, कामापुरतं बोलतो’ हे वाक्य ज्यांनी चार ठिकाणी स्थळं पाहिली आहेत त्यांनी ऐकलेलं असतं. चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात बोलायचं काम मामा करतात, मुलगा मान डोलावतो. मुलीच्या बाबतीत तर ते आणखी सोपं. कमी बोलणारी मुलगी म्हणजे सालस. लग्नानंतर महिन्याभरात सगळं कळतंच. मग दुखतं ते अडखळण्यापेक्षा ‘आम्हाला सांगितलं का नाही’ हे. घरच्यांचा युक्तिवाद असतो की आधी सांगितलं तर स्थळं येणारच नाहीत. काही येणार नाहीत, हे खरंच आहे. पण जे स्थळ पहिल्या फोनवर हे ऐकून गळतं ते पुढे कशाकशावर गळलं असतं याचाही विचार करावा. निदान दोघं एकटी बोलायला गच्चीवर जातात त्या दहा मिनिटांत तरी हा विषय त्याने किंवा तिने स्वतः काढावा. मामांनी काढू नये.

नोकरीचं तसं नाही. तिथे समोरच्याच्या हाती सत्ता असते आणि सांगितल्यावर ‘क्लायंटशी बोलायचं काम आहे, बघू’ असं उत्तर येऊ शकतं. त्यामुळे सर्वांनी सर्वत्र सांगावं, असा हुकूम काढणारे लोक मला पटत नाहीत. कुणाला, कधी, किती सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. एवढं मात्र म्हणता येईल की मुलाखतीत ब्लॉक येणारच असेल, तर तो आल्यावर घामाघूम होऊन खुलासा करण्यापेक्षा खुर्चीत बसताच सांगणं पदरात अधिक पाडून देतं.

हा मोकळेपणा मोठेपणी इतका अवघड का जातो, याचं एक कारण जुन्या शास्त्रातही दडलेलं आहे. आयोवा विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन, तेही तोतरेच, यांचं मत होतं की मुलाच्या साध्या चाचरण्याला आईवडिलांनी तोतरेपणाचं नाव दिलं की त्यातूनच तोतरेपणा जन्मतो. त्यांच्या देखरेखीखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने १९३९ साली डॅव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. नीट बोलणाऱ्या सहा मुलांना महिनोन्‌महिने सांगितलं गेलं की तुम्ही तोतरे होत चालला आहात, चूक होणार असेल तर बोलूच नका. ती मुलं तोतरी झाली नाहीत. ती गप्प झाली, बुजरी झाली, अभ्यासात मागे पडली. सहकाऱ्यांनी या प्रयोगाला ‘राक्षसी’ म्हटलं आणि तो प्रसिद्ध न होता कपाटात गेला; वर्तमानपत्राने तो उजेडात आणल्यावर २००१ साली विद्यापीठाने माफी मागितली आणि २००७ साली राज्याने हयात असलेल्यांना व वारसांना सव्वानऊ लाख डॉलर भरपाई दिली. जॉन्सन यांचा सिद्धांत कोसळला, पण त्यातून निघालेला सल्ला पुढच्या कित्येक पिढ्यांच्या पालकांना मिळत राहिला: मुलासमोर तो शब्द काढू नका, लक्षच देऊ नका.

मुलं मूर्ख नसतात. चार वर्षांच्या पोराला आपलं काहीतरी अडतंय हे कळतं, आणि घरात सगळ्यावर बोलतात पण यावर कुणी बोलत नाही हेही कळतं. ज्याचं नावही घेत नाहीत ते नक्कीच भयंकर असणार, असा निष्कर्ष तो काढतो, आणि त्याच्या जागी कुणीही तोच काढेल. म्हणून आता थेरपिस्ट नेमकं उलट सांगतात. ‘हा शब्द जरा अडला ना? अडू दे, मी ऐकतेय’ इतकंच, आणि ‘दूध गरम होतं का’ या आवाजात. शाळेतही तेच. वर्ग सुरू होण्यापूर्वी आईने किंवा मुलाने बाईंना सांगितलं की हजेरीला हात वर केला तरी चालेल, धडा वाचायची पाळी जोडीने द्यावी, तोंडी परीक्षेला वेळ जास्त द्यावा, तर बहुतेक बाई ते आनंदाने करतात. न सांगता त्यांनी ओळखावं ही अपेक्षा साठ मुलांच्या वर्गात जरा जास्तच आहे.

मोठ्यांसाठी ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ ही तोतऱ्या लोकांनीच चालवलेली संस्था २००८पासून काम करते आहे. ‘बरं करण्या’ऐवजी स्वीकारावर तिचा भर आहे आणि मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत तिचे स्वमदत गट भरत आले आहेत. या गटांतला एक ठरलेला उपक्रम म्हणजे दोघा-तिघांनी रस्त्यावर जाऊन अनोळखी माणसांना थांबवायचं, मुद्दाम अडखळत सांगायचं की मला तोतरेपणा आहे, आणि तुम्हाला याबद्दल काय माहीत आहे असं विचारायचं. ज्याने आयुष्यभर पेणऐवजी वडखळचं तिकीट काढलं त्याच्या दृष्टीने ही कड्यावरून उडी. लोक काय करतात? बरेच जण नीट उत्तर देतात, कुणी आपल्या भावाबद्दल किंवा वर्गमित्राबद्दल सांगायला लागतं, कुणी घाईत असल्याचं सांगून निघून जातं. कुणी वेखंडही सुचवतं. ज्यांना आधी तज्ज्ञाकडे जायचं आहे त्यांच्यासाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, मोठ्या सरकारी रुग्णालयांत वाचोपचाराचे विभाग आहेत. दर वर्षी २२ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय तोतरेपणा जागृती दिन असतो. त्या दिवशी वर्तमानपत्रांत चार ओळी छापून येतात.

उरला ऐकणारा. त्याला कुणी ‘मी अडखळतो’ असं सांगितलं तर ‘छे छे, मला तर जाणवलंच नाही’ म्हणू नये. ते खोटं असतं आणि समोरच्याला परत लपायला पाठवतं. ‘हळू बोल’, ‘दीर्घ श्वास घे’, ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे त्याने तुमच्या आधी हजार जणांकडून ऐकलेलं असतं. शब्द पुरवावा का? बहुतेकांना नको असतं, आणि पुरवलेला शब्द बऱ्याचदा चुकीचाही असतो, मग बिचाऱ्याला मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. काहींना मात्र गर्दीच्या काउंटरवर तेवढी मदत चालते. ते त्यालाच विचारावं, आणि विषय त्याने स्वतः काढला असेल तर विचारायला अवघडही वाटत नाही. बाकी, तो बोलत असताना त्याच्या तोंडाकडे न बघता डोळ्यांकडे बघावं, घड्याळाकडे तर मुळीच नाही. फोनवर दुसऱ्या बाजूने आवाज आला नाही तर ‘हॅलो, हॅलो’चा भडिमार करून लगेच ठेवून देऊ नये, आणखी पाच सेकंद फोन कानाला धरला तरी बहुतेक वेळा पुरतं.